स्वस्त शहरात कमी पगारावर जावे का? हिशेब शिलकीचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : सध्याच्या महागड्या शहरातून एका लहान, स्वस्त शहरात जाऊन काम करण्याची मुभा कंपनी देत आहे, काम तेच राहणार आहे, मात्र पगार २५ टक्क्यांनी कमी होणार आहे. शहरांच्या राहणीखर्चाची तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळानुसार नवे शहर ३५ टक्क्यांनी स्वस्त आहे, म्हणजे आपला १० टक्के फायदाच होईल, असे गणित तुम्ही मांडले आहे. घरातली मोठी माणसे मात्र ‘पगार कधीही कमी करून घेऊ नये’ या म्हणण्यावर ठाम आहेत. तुम्ही भाड्याच्या घरात राहता, मूल शाळेत आहे, जोडीदारही नोकरी करतो आणि त्या नोकरीचे तिकडे काय होईल हे अजून ठरलेले नाही.

मी आधी कंपन्यांसाठी पगारश्रेणी आखण्याचे आणि पुढे कुटुंबांना आर्थिक नियोजनाचा सल्ला देण्याचे काम करत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न कंपनीच्या बाजूनेही पाहिला आहे आणि घराच्या बाजूनेही. माझे मत आधीच सांगतो. तुमचे ‘३५ वजा २५’ हे गणित चुकीचे आहे आणि मोठ्यांचा सरसकट नियमही चुकीचा आहे. एक टक्केवारी खर्चावरची आहे, दुसरी कर कापण्यापूर्वीच्या पगारावरची. दोन वेगळ्या गोष्टींवरच्या टक्केवाऱ्या एकमेकींतून वजा करता येत नाहीत. दर महिन्याच्या शेवटी तुमच्या हातात आज किती रक्कम उरते आणि तिकडे किती उरेल, हे पाहायला हवे. पगार कितीने कमी झाला आणि शहर कितीने स्वस्त आहे, हे दोन्ही आकडे त्या शिलकीपर्यंत पोहोचण्यासाठी लागतात. त्यापलीकडे त्यांना स्वतंत्र अर्थ नाही.

प्रथम त्या ३५ टक्क्यांविषयी. राहणीखर्चाचा कोणताही निर्देशांक काही वस्तू आणि सेवांची एक ठरावीक यादी घेतो, प्रत्येकीला वजन देतो आणि ती यादी दोन्ही ठिकाणी किती रकमेत मिळते ते पाहतो. ठरावीक यादीच्या आधारे किमतींची तुलना करण्याची ही रीत जर्मन अर्थशास्त्रज्ञ एत्येन लास्पेयर यांनी १८७१ मध्ये मांडली आणि आजही बहुतेक निर्देशांकांच्या मुळाशी तीच आहे. तिची मर्यादाही तेव्हापासून तीच आहे : ती यादी तुमची नसते. भाड्याला त्या यादीत भरपूर वजन दिले असेल आणि तुमच्या खर्चात भाड्याचा वाटा त्याहून कमी असेल, तर ३५ टक्क्यांची स्वस्ताई तुमच्या वाट्याला येणारच नाही. शिवाय, नवे शहर ३५ टक्क्यांनी स्वस्त आहे याचाच अर्थ जुने शहर नव्यापेक्षा सुमारे ५४ टक्क्यांनी महाग आहे; आकडा कोणत्या दिशेने सांगितला आहे हे नीट न पाहता निर्णय घेणारी शिकलेली माणसे मी पाहिली आहेत.

म्हणून मी लोकांना निर्देशांक बाजूला ठेवायला सांगतो आणि गेल्या बारा महिन्यांचे बँकेचे व क्रेडिट कार्डाचे विवरण काढायला लावतो. बाराच महिन्यांचे, कारण विम्याचे हप्ते, शाळेचे वार्षिक शुल्क, लग्नकार्ये, मोठ्या दुरुस्त्या या गोष्टी तीन महिन्यांच्या विवरणात सापडत नाहीत. मग प्रत्येक नोंदीसमोर तीनपैकी एक खूण करायची : शहर बदलले की बदलणारा खर्च, कुठेही गेलो तरी तोच राहणारा खर्च, आणि आज नसलेला पण तिकडे गेल्यावर सुरू होणारा खर्च. तिसऱ्या रकान्यासाठी विवरणात नोंद नसते, तो विचार करूनच भरावा लागतो, आणि लोक नेमका तोच रिकामा ठेवतात.

एक जोडपे माझ्यासमोर असेच विवरण घेऊन बसले होते. भाडे, किराणा, प्रवास अशा नोंदींवर भराभर खुणा होत गेल्या आणि दोघेही खुशीत होते, कारण पहिला रकाना चांगला भरत होता. मग त्या बाईंचे बोट एका लहानशा, पण दर आठवड्याला येणाऱ्या नोंदीवर थांबले. ते त्यांच्या मुलाच्या वाचा-उपचारांचे शुल्क होते. “हे तिकडे मिळेल का?” एवढेच त्या म्हणाल्या. चौकशी केली तेव्हा नव्या शहरात तसे तज्ज्ञ नाहीत हे कळले. म्हणजे महिन्यातून दोनदा जुन्या शहरात यायचे, मुक्काम करायचा आणि उरलेले उपचार घरून, पडद्यावर चालवायचे. विवरणात लहान दिसणारी ती नोंद तिसऱ्या रकान्यात मोठी झाली आणि भाड्यातली निम्मी बचत तिनेच खाल्ली. तुमच्या घरात अशी नोंद असेलच असे नाही, पण ती आहे की नाही हे कोणताही निर्देशांक तुम्हाला सांगू शकणार नाही.

आता आकड्यांत पाहू. चलन कोणतेही असो, तुमच्या हातात पडणारा मासिक पगार १०० भाग धरू आणि जोडीदाराची मिळकत तूर्त बाजूला ठेवू. समजा घरभाडे ३०, किराणा व घरखर्च १६, शाळा ८, घरकामाची मदत, दुरुस्त्या आणि रोजचा प्रवास मिळून ८, जुन्या कर्जाचा हप्ता ८, विमा, फोन, इंटरनेट, कपडे, उपकरणे मिळून ७ आणि आईवडिलांना पाठवायचे ५. एकूण खर्च ८२, शिल्लक १८. नव्या शहरात भाडे निम्म्यावर येऊन १५ झाले, किराणा १४, शाळा ६ आणि सेवा ५ झाल्या. कर्जाचा हप्ता, विमा-फोनचा गट आणि आईवडिलांचे पैसे मात्र जिथल्या तिथे, म्हणजे २०. नवीन खर्चांत जुन्या शहरातल्या कार्यालयात आणि नातेवाइकांकडे जाण्या-येण्याचे ३, आणि सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी असल्यामुळे दुसऱ्या वाहनाचे ३. बेरीज ६६. भाडे निम्मे होऊनही एकूण खर्च ८२ वरून ६६ वर आला, म्हणजे घट साडेएकोणीस टक्क्यांची झाली, ३५ ची नाही.

याचे कारण साधे आहे. जी वस्तू सहज वाहून नेता येते, ती देशभर जवळपास एकाच किमतीला मिळते. फोन, औषध, कपडा, विमा, कर्ज यांना शहराचा फारसा फरक पडत नाही. जमीन वाहून नेता येत नाही आणि माणसाचे श्रम सहजासहजी हलत नाहीत, म्हणून घर आणि स्थानिक सेवा यांच्याच किमती शहरागणिक बदलतात. तुमच्या खर्चातला या दोन गोष्टींचा वाटा जितका मोठा, तितके स्वस्त शहर तुम्हाला खरोखर स्वस्त पडते. ज्याचे जुन्या शहरात स्वतःचे, कर्जमुक्त घर आहे, त्याला भाड्यातल्या फरकाचा काहीच फायदा नसतो. उलट तिकडे भाडे भरावे लागते. इकडचे घर भाड्याने दिले तर त्याचा हिशेब उलट्या दिशेने चांगला होतो, पण त्यात भाडेकरू, रिकामे महिने, देखभाल आणि कर हे सगळे धरावे लागते.

पगाराच्या बाजूला एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. चढत्या दराने कर असेल, तर वरच्या टप्प्यातला पगार कमी झाल्यावर करही वरच्याच दराने कमी होतो. समजा, एकूण पगार १२५ भाग आहे, कर २५ आणि वरच्या टप्प्याचा दर ३० टक्के. पगार २५ टक्क्यांनी कमी झाला, तर एकूण ३१ भाग जातात, पण कर सुमारे ९ भागांनी घटल्यामुळे हातात येणारी रक्कम १०० वरून ७८ वर येते, ७५ वर नाही. तरीही ७८ मधून ६६ गेले की १२ उरतात. आज १८ उरतात. खर्च इतका कमी होऊनही बचत एकतृतीयांशाने घटली. आजच्याइतकेच १८ उरायचे असतील, तर हातात ८४ पडायला हवेत, आणि त्यासाठी एकूण पगारातली कपात सुमारे १८ टक्क्यांपर्यंतच परवडते. हे आकडे माझे आहेत. तुम्ही स्वतःचे घालून तो टक्का काढा आणि कंपनीशी बोलण्यापूर्वी तो तुमच्याकडे लिहिलेला असू द्या.

इथे कोणी विचारेल की बचत १८ च का हवी, खर्च कमी झाला तर बचतही थोडी कमी चालणार नाही का? याचे उत्तर त्या पैशाचे तुम्ही पुढे काय करणार आहात यावर अवलंबून आहे. मुलाचे उच्च शिक्षण, आईवडिलांचे मोठे आजारपण, पुढे कधी मोठ्या शहरात घर घेण्याची इच्छा, या गोष्टी तुम्ही कुठे राहता हे पाहून स्वस्त होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीची बचत पूर्ण रकमेतच मोजायची. परंतु तुमचा निश्चय नव्या शहरातच म्हातारपण काढण्याचा असेल, तर निवृत्तीसाठी जमवायची रक्कमच कमी लागते, कारण तेव्हाचा खर्चही ८२ चा नसून ६६ चा असेल. त्याच प्रमाणात १८ ऐवजी साधारण साडेचौदा भागांची बचत पुरते, आणि मग १२ आणि साडेचौदा यांतले अंतर वाटाघाटीने भरून काढता येण्याजोगे आहे. म्हणूनच ‘तिथे दोन-तीन वर्षे राहू, मग बघू’ आणि ‘तिथेच स्थायिक होऊ’ या दोन बेतांसाठी एकाच कपातीवर मी वेगवेगळी उत्तरे देतो.

मोठ्यांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी आहे. पगारवाढ टक्क्यांत मिळते, त्यामुळे पाया खाली गेला की प्रत्येक पुढची वाढ त्या खालच्या पायावर बसते. दरवर्षी ८ टक्के वाढ आणि ६ टक्के महागाई धरली, तर हातातल्या पगारातला आजचा २२ भागांचा फरक पाच वर्षांनी ३२ चा होतो आणि स्वस्ताईतून वाचणारे १६ भाग सुमारे २१ होतात. आज ६ भागांची असलेली तूट ११ वर जाते. भविष्यनिधीत किंवा निवृत्तियोजनेत कंपनीचा वाटा पगाराच्या टक्क्यांत ठरलेला असेल, तर तोही तितकाच आक्रसतो, आणि हातातल्या पगाराच्या हिशेबात तो दिसतही नाही. पुढे नोकरी बदलताना मागचा पगार विचारला जातो, तेव्हा पुन्हा तोच खालचा आकडा सांगावा लागतो. काही ठिकाणी तो विचारण्यावर बंदी आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा २०१६ मध्ये संमत केला. पण जिथे अशी बंदी नाही तिथे तुमचा शेवटचा पगारच तुमचा भाव ठरवतो.

शहर स्वस्त का आहे, हाही प्रश्न विचारावा. अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये मांडलेला विचार मला या बाबतीत फार उपयोगी वाटतो : शहरातली भाडी आणि पगार यांत त्या शहराच्या सोयी-गैरसोयींचे मोल आधीच मिसळलेले असते. लोकांना हवेहवेसे वाटणारे शहर त्यांच्याकडून जास्त भाडे वसूल करते. तेव्हा स्वस्त भाड्यामागे चांगल्या रुग्णालयाचा, शाळांच्या निवडीचा, पाण्याचा किंवा विजेचा अभाव दडलेला असू शकतो, किंवा असेही असेल की इतरांना ज्याची किंमत वाटते त्या गोष्टींची तुम्हाला गरजच नाही. दुसरी शक्यता खरी असेल, तर तो तुमचा निव्वळ लाभ आहे. रोज जाण्या-येण्यात दोन तास जात असतील, तर २४० कामाच्या दिवसांत ते ४८० तास होतात. हे तास परत मिळणे ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, परंतु त्यांचे पैशांत रूपांतर करून ते शिलकीत मिळवू नयेत. त्या तासांनी मुलाची फी भरता येत नाही. आधी शिलकीचा आकडा शुद्ध ठेवावा, आणि मग शेजारी हे तास मांडून, तेवढ्यासाठी महिन्याला इतके भाग सोडायला आम्ही तयार आहोत का, असे घरात उघडपणे विचारावे. अनेकांचे उत्तर होय असते आणि ते पूर्णपणे योग्य असू शकते.

जोडीदाराच्या नोकरीविषयी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण तुमच्या प्रश्नातली सर्वांत जड गोष्ट तीच आहे. आतापर्यंतचा सगळा हिशेब सहा भागांच्या तुटीवर चालला होता. जोडीदाराचा पगार तुमच्या निम्मा जरी असला, तरी तो थांबल्यास महिन्याला ५० भाग जातात. स्वस्ताईतून वाचलेले १६ भाग त्यापुढे टिकत नाहीत. मोठ्या शहराचा खरा फायदा इथेच असतो. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच हे सांगितले होते की, एखाद्या कौशल्याला जिथे कायम मागणी असते तिथे मालकही येतात आणि कामगारही, कारण दोघांनाही एकमेक सापडण्याची खात्री असते. लहान शहरात जोडीदाराच्या क्षेत्रातले एक-दोनच मालक असतील, तर तिथे मिळालेली नोकरी गेल्यावर दुसरी मिळायला किती काळ लागेल, याचा अंदाज घ्या. तोच धोका तुम्हालाही आहे. आज कंपनी दुरून काम करू देत आहे; उद्या धोरण बदलले आणि सर्वांना परत बोलावले, तर तुम्ही काय कराल? जोडीदाराला दुरून काम करण्याची लेखी परवानगी मिळत असेल, किंवा तिकडची नोकरी हातात असेल, तरच मी पुढचे पाऊल टाकायला सांगेन.

कंपनीशी बोलताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. पगार आखताना कंपनी तुमचा राहणीखर्च पाहत नाही. त्या शहरात तशा कामासाठी इतर कंपन्या काय देतात, म्हणजे श्रमाचा बाजारभाव काय आहे, ते पाहते. म्हणून ‘माझी बचत कमी होते’ हा मुद्दा माझ्या अनुभवात फारसा चालत नाही. ‘माझे काम, माझा संघ आणि माझी जबाबदारी तीच आहे आणि माझ्या जागी माणूस घ्यायचा झाल्यास तो तुम्हाला जुन्या शहराच्या भावानेच घ्यावा लागेल’ हा मुद्दा चालतो, कारण तो त्यांच्याच भाषेत आहे. कपात टळत नसेल, तर ती कुठून होते हे पाहा. मूळ वेतन आणि श्रेणी तशीच ठेवून शहर भत्त्यासारखा वेगळा घटक कमी करून घेता आला, तर पगारवाढीचा पाया आणि निवृत्तियोजनेतला वाटा बऱ्याच अंशी वाचतो. जुन्या शहरात परत बोलावल्यास पगार त्या शहराच्या श्रेणीत पूर्ववत होईल, हे कलम पत्रात लिहून घ्या. नोकरीवरून कमी केल्यास भरपाई कोणत्या पगारावर मोजणार, तेही विचारा. कार्यालयात बोलावले जाईल तेव्हाचा प्रवास आणि मुक्काम कोणाकडे, हेही आताच ठरवा; तोंडी आश्वासन देणारे वरिष्ठ बदलून जातात.

स्थलांतराचा एकरकमी खर्च, म्हणजे अनामत, दलाली, सामानाची वाहतूक, एखादा महिना दोन्हीकडचे भाडे, हा एकूण निर्णयात फार मोठा नसतो, पण तो राखीव निधीतून जाऊ देऊ नये. तिकडे घर मात्र पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, कितीही स्वस्त वाटले तरी. ज्या वस्तीत तुम्ही खरोखर राहाल तिथल्या तीन-चार घरांची प्रत्यक्ष भाडी आणि शाळेचे लेखी शुल्कपत्रक मिळवा, आणि कंपनी मान्य करत असेल तर सध्याच्याच पगारावर एक-दोन महिने तिकडे राहून काम करून पाहा.

तुम्ही दिलेल्या माहितीवर, आज, २५ टक्क्यांच्या कपातीवर मी सही करणार नाही. १८ टक्क्यांच्या आसपासची कपात, मूळ वेतनाला धक्का नाही, परतीचे लेखी कलम आणि जोडीदाराच्या कामाची सोय, एवढे जमले तर मी जाईन. हे उत्तर तुमच्या तीन आकड्यांनी बदलू शकते : हातातल्या पगारात भाड्याचा वाटा किती, कर्जाचे किती हप्ते बाकी आहेत, आणि जोडीदाराचा पगार तुमच्या पगाराच्या तुलनेत किती. हे तीन आकडे कळवलेत, तर वरचा हिशेब तुमच्या घराचा करून देतो.